मुशी (शार्क) हजारोंनी अंडी घालते? साफ चूक

मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: "पिसोरी हरिण सस्तन, पोटात पिल्लू वाढवतं, तेही एखादंच, म्हणून ते जपायचं. मुशी काय, मासाच. हजारोंनी अंडी घालते, कितीही पकडा, संपायची नाही." पिसोरीला (माउस डिअर) जपायला हवं, हे मान्य. मुशीबद्दलचं मात्र, ती मासा आहे हे सोडलं तर, सगळंच चुकलंय.

अंडी हजारो-लाखोंनी घालतो तो बांगडा. मुंबई-कोकणच्या बाजारात ढिगाने येणारी लहान मुशी, म्हणजे बीएस्सीला प्राणिशास्त्रात पूर्वी चिरायला द्यायचे ती स्कॉलिओडॉन, थेट पिल्लं देते. एका विणीत फार तर वीसेक.

आणि पोटात वाढवण्याचं म्हणाल, तर तेही ती करते. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक नसल्यातच जमा. मग पिल्लू पोसणार कशावर? आईच्या गर्भाशयाला वार जोडलेली असते, तिथून नाळेवाटे सगळं येतं. गाभण मुशी साफ करताना ही नाळेला लटकलेली पिल्लं कोळणींच्या हाताला लागतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाकडे, पुढच्या दोन परांच्या मध्ये बघा, बेंबीची खूण दिसते. गर्भकाळ पाच-सहा महिने. पिसोरीचाही साधारण पाच महिनेच!

  

"संपायची नाही" हे सगळ्यात घातक. ही मुशी वर्ष-दोन वर्षांत वयात येते, म्हणून मोठ्या शार्कांपेक्षा तग धरून आहे, हे खरं. हातोड्याच्या डोक्याच्या मुशीला वयात यायला कितीतरी जास्त वर्षं लागतात, आणि मजकूर मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. शिवाय पिशवीसारख्या डोल जाळ्यात मोठ्यांबरोबर पिल्लंही येतात, ती स्वस्तात विकली जातात.

पिसोरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, या मुशीला नाही. तिच्यावर बंदी घाला असं माझं म्हणणं नाही; मोरीचं, म्हणजे मुशीचंच, कालवण आमच्याही घरी होतं. पण वीतभर मुशी विकत घेऊ नका. ती अजून एकदाही व्यालेली नसते.