सीगल दिसला म्हणजे किनारा जवळ, हे खरं नाही

माझा भाचा नुकताच छोटी शिडाची होडी चालवायला लागलाय. परवा त्याने मला एक मेसेज पाठवला, 'समुद्रपक्ष्यांची पाच गुपितं'. सीगल दिसले की किनारा जवळच असतो, वाट चुकलात तर थव्यामागे जा. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याइतका पक्षी दिसला तर तो 100 मीटरवर. थवा गोल फिरू लागला की 24 तासांत वादळ. थव्याखाली मासे हमखास. आणि प्रत्येक थव्याला एक म्होरक्या असतो. हा मेसेज आधीही ग्रुपांवर फिरताना दिसला होता, तेव्हा सोडून दिला. पण भाच्याने खाली लिहिलं होतं, "मामा, सेव्ह करून ठेवलंय, पाण्यात उपयोगी पडेल." म्हणून हे लिहितोय.

किनाऱ्याचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. सीगल म्हणजे आपले कुरव, आणि त्यांच्या सगळ्याच जाती किनाऱ्याला धरून राहत नाहीत. किटीवेक हा कुरवच. वीण संपली की तो उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरात भर समुद्रावर हिवाळा काढतो. सॅबाइनचा कुरव आर्क्टिकमधून निघून पेरूच्या आणि नैर्ऋत्य आफ्रिकेच्या समोरच्या थंड पाण्यावर जातो, तोही बहुतेक काळ जमिनीपासून लांबच असतो. ज्या जाती एरवी किनाऱ्याजवळ दिसतात, त्याही ट्रॉलरमागे खूप आत जातात, कारण टाकून दिलेली मासळी आयती मिळते. रात्री पाण्यावर बसून झोपणंही त्यांना जमतं. धुक्यात वाट चुकलेला माणूस अशा थव्यामागे गेला तर तो आणखी आत जाऊ शकतो.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांचे दर्यावर्दी पक्ष्यांवरून बेटाची दिशा ओळखत. पण ते पक्षी कुरव नव्हते. पांढरे सुरय आणि नॉडी हे रात्री बेटावर परतणारे पक्षी त्यांना नेमके ओळखता येत, आणि दिशा धरायची ती पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या उड्डाणावरून. दिवसभर मासे शोधत भटकणारा पक्षी त्यांच्याही उपयोगाचा नव्हता. होडीत होकायंत्र ठेवा, जीपीएस ठेवा आणि त्यांचंच ऐका.

अंगठ्याचं गणित तर साध्या त्रिकोणमितीतच कोसळतं. हातभर अंतरावर अंगठ्याची रुंदी डोळ्याशी साधारण 2 अंशांचा कोन करते. पंखांचा विस्तार 1 मीटर असलेला पक्षी एवढा दिसायला 30 मीटरच्या आत हवा. 100 मीटरवर तो पौर्णिमेच्या चंद्राहून जेमतेम मोठा दिसेल. शिवाय कुरव काही एका मापाचे नसतात. छोट्या कुरवाच्या पंखांचा विस्तार 65 सेंटिमीटरच्या आसपास, तर मोठ्या काळ्या पाठीच्या कुरवाचा 160. म्हणजे सारखेच दिसणारे दोन पक्षी एक 20 मीटरवर आणि दुसरा 45 मीटरवर असू शकतात. त्यात पक्षी तिरका उडत असेल तर पंख आखूड दिसतात आणि अंदाज आणखी चुकतो. जात पक्की ओळखली आणि पंख पूर्ण पसरलेले समोरून दिसले, तर ही रीत कामचलाऊ चालते, एवढंच.

जहाजावरून समुद्रपक्षी मोजणारे अभ्यासक पक्ष्याच्या आकारावर विसंबत नाहीत. पाण्यावर बसलेला पक्षी क्षितिजाच्या किती खाली दिसतो ते ते बघतात. डोळ्याची पाण्यापासूनची उंची माहीत असली की त्या कोनावरून अंतर निघतं, मग पक्षी लहान असो की मोठा. तेही मीटरमध्ये सांगत नाहीत, 0 ते 50, 50 ते 100, 100 ते 200, 200 ते 300 अशा पट्ट्यांत नोंदवतात. मेसेजवाला मात्र अंगठ्यावरून नेमके 100 मीटर सांगतो.

गोल फिरण्याबद्दल समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड वुडकॉकचं निरीक्षण पुरेसं आहे. 1940 च्या सुमारास तो 'अटलांटिस' या संशोधन जहाजावरून हेरिंग गल या जातीच्या कुरवांचं उड्डाण टिपत होता. पाणी हवेपेक्षा उबदार असेल आणि वारा बेताचा असेल, तेव्हा पक्षी न फडफडता गोल फिरत वर चढत, कारण तापलेली हवा खालून वर येत होती. वारा वाढला की ते वाऱ्याकडे तोंड करून सरळ रेषेत तरंगत. म्हणजे गोल फिरणं हे त्या क्षणी वर चढणाऱ्या हवेचं चिन्ह आहे, उद्याच्या वादळाचं नाही. जमिनीवर कधी कधी उडत्या मुंग्या खाण्यासाठीही ते असेच घिरट्या घालतात. सोसाट्याच्या वाऱ्यात कुरव समुद्रावरून जमिनीकडे येऊन मैदानांवर बसतात हे खरं, पण तेव्हा वारा सुटलेलाच असतो.

म्होरक्या वगैरे काही नसतो. एकाने सूर मारला की त्याचा पांढरा रंग लांबच्याला दिसतो, तो आला की त्याच्याही पलीकडचा येतो, असा थवा जमतो. आणि मासे? एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारले जात असतील, सोबत सुरयही असतील, तर खाली लहान मासळी असण्याची शक्यता बरीच. नुसते पाण्यावर बसलेले असतील तर ते विश्रांती घेत असतील, त्यावरून माशांबद्दल काहीच कळत नाही.