सॅच्युरेशन ९८ आणि तरीही पेशंट गंभीर : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात सांगतो. कॅज्युअल्टीच्या दारातच प्रत्येक पेशंटच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावावा, असे लेखात म्हटले होते. तुमच्या मते हे धोक्याचे आहे. ९८ टक्के सॅच्युरेशन असलेला पेशंट अर्ध्या तासात कोसळलेला तुम्ही पाहिला आहे, आणि 'या खेळण्यापेक्षा मनगटावरची तीन बोटे बरी', असे तुम्ही लिहिता.

तीन बोटे हवीतच, त्यावर भांडण नाही. पण त्या ९८ ने तुम्हाला फसवले नाही. जेवढे रक्त बोटापर्यंत पोचले, त्यातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलेला आहे, एवढेच तो आकडा सांगतो. रक्त पोचले किती, हिमोग्लोबिन मुळात किती आहे, तेवढा ऑक्सिजन घ्यायला पेशंट किती धापा टाकतोय, हे त्यात कुठेच नाही. प्लीहा फुटून पोटात लिटरभर रक्त साठलेल्या तरुणाचे सॅच्युरेशनही सुरुवातीला ९८ असू शकते. म्हणून लेखातला नियम मुद्दाम एकतर्फी ठेवला आहे : वाईट आकडा पेशंटला रांगेत पुढे आणतो, चांगला आकडा कुणालाही मागे पाठवत नाही.

शिवाय त्याच पडद्यावर दुसरा आकडा असतो, ठोक्यांचा. तो कुणी बघतच नाही. कोविडने सगळ्यांना '९४ च्या खाली का वर' एवढेच शिकवले. समजा, मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाची नाडी ११८ आणि वरचे बीपी १०४ आहे. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर कुणी धावत येणार नाही. पण ११८ भागिले १०४ केले की १.१३ येतात. हा शॉक इंडेक्स, १९६७ पासून वापरात आहे. निरोगी माणसात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या वर गेला की रक्तस्राव शोधायला लागायचे.

याच पेशंटला न्यूज-२ पद्धतीने (नाडी, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन गांभीर्य ठरवण्याची पद्धत) गुण दिले, तर नाडीचे २ आणि बीपीचा १, म्हणजे फक्त ३. श्वास मोजले आणि मिनिटाला २२ भरले, की आणखी २ मिळून ५ होतात, म्हणजे डॉक्टरने तातडीने बघायचा पेशंट. अडचण अशी की केसपेपरवर सगळ्यांचेच श्वास १८ नाहीतर २० असतात. ते मोजलेले नसतात, लिहिलेले असतात. प्रोब (ऑक्सिमीटरची क्लिप) बोटाला असतानाच घड्याळ लावून पूर्ण मिनिट छातीकडे बघा; तेवढ्यात रीडिंगही स्थिरावते.

उलट बाजूही आहे. बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारे बीपीचे, हृदयाचे औषध) घेणाऱ्याची नाडी रक्त जात असतानाही ८० राहू शकते. कीटकनाशकाच्या विषबाधेत ती ५० वर येऊ शकते. तिथे बारीक झालेल्या बाहुल्या आणि तोंडातून गळणारी लाळ बघायची. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत असताना, काही ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत : हृदय १४० ने धावते आणि यंत्र ९५ दाखवते. इथे तुमची तीन बोटेही तेवढीच चुकतात. स्टेथोस्कोप छातीवरच ठेवावा लागतो.

आता 'रीडिंग येत नाही' याबद्दल. सिस्टर तीन बोटे बदलून बघतात, यंत्र खराब म्हणून बाजूला ठेवतात, आणि इथेच पेशंट हातचा जातो. नेलपॉलिश पुसा किंवा प्रोब आडवा लावा, बीपीचा कफ दुसऱ्या दंडावर घ्या, हात चोळून गरम करा, सेल बघा. या सगळ्याला एक मिनिट. तरीही आकडा येत नसेल, तळवे गार असतील आणि नख पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागत असतील, तर बिघाड यंत्रात नाही. तो पेशंट लाल गटातला, म्हणजे सगळ्यांच्या आधी बघायचा. कोकणात लाल विंचू चावलेले मूल नेमके असेच येते : घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे, प्रोबला काही सापडत नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपचार रूढ केला, त्यातही हातपाय गरम होणे हीच सुधारल्याची खूण.

स्वस्त यंत्राच्या पडद्यावर नाडीची उंच लाट दिसली तरी हुरळू नका. बरीच यंत्रे लाट आपोआप मोठी करून दाखवतात. परफ्यूजन इंडेक्स (बोटात नाडीचे रक्त किती जोराने येते त्याचा आकडा) दिसत असेल तर तो बघा, ०.४ च्या खाली असेल तर सॅच्युरेशनवर विसंबू नका. आणि मोठ्यांची क्लिप तान्ह्या बाळाच्या बोटाला लावू नका. प्रकाश बोटाच्या कडेने निसटतो आणि आकडा चुकतो.

तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो तो बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरला. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवालेच वाटते, त्यामुळे बेशुद्ध माणूसही ९९ दाखवतो. तिथे आकडा विसरा. हकिगत ऐका आणि लगेच मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू करा.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण मला तीच जास्त धोक्याची वाटते : ऑक्सिजन लावल्यानंतरचे रीडिंग. मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटू लागतात, श्वास उथळ होत जातो, पण ऑक्सिजन चालू असल्याने यंत्र बराच वेळ ९८ दाखवत राहते. आकडा घसरू लागतो तेव्हा श्वासनलिकेत नळी टाकायला फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून केसपेपरवर ऑक्सिजनपूर्वीचा आकडा आणि वेळ आधी लिहा. नंतर दर पंधरा मिनिटांनी पेशंटला एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लावा. मघाशी तिसापर्यंत जाणारा आता पंधरालाच अडखळत असेल, तर ९८ असले तरी भूलतज्ज्ञाला बोलवा.