हिमोफिलिया आणि लस: दाबून धरा, चोळू नका

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. कुणी लिहिला कळत नाही, पण 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा' असं खाली आहेच. मजकूर थोडक्यात असा: हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार असलेल्या, मुलांना कुठलीच लस देऊ नका. सुईच्या भोकातून रक्त थांबत नाही, लसीनं रक्त आणखी पातळ होतं, कित्येकांना हा आजार लसीनंतरच लागला, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारवाल्यांनाही हेच लागू.

माझ्या मुलाला सीव्हिअर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्तात फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा कमी. त्याच्या वयाच्या सगळ्या लसी झाल्यात. तेव्हा या मेसेजला उत्तर देणं मला भाग आहे.

सुरुवात 'लसीनंतरच आजार लागला' यापासून करते, कारण हे आमच्याच घरी म्हटलं गेलं होतं. दीड महिन्याचा असताना त्याला पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरची एकत्र लस) पहिली सुई मांडीत दिली. रडतोय म्हणून सासूबाईंनी मांडी चोळली, मग तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवून शेक दिला. प्रेमानंच केलं, आणि कुठल्याही आजीनं तेच केलं असतं. सकाळपर्यंत मांडी टम्म फुगून जांभळी झाली होती. तपासण्या झाल्या, निदान झालं, आणि घरात एकच वाक्य सुरू झालं: 'सुई दिली नि पोराला रोग लागला.'

लागला नव्हता, दिसला होता. हा दोष जनुकातला, आईच्या एक्स गुणसूत्रातून मुलाकडे येणारा. बाळ रांगायला लागेपर्यंत त्याला मार लागत नाही, त्यामुळे स्नायूत गेलेली पहिली सुई हीच कित्येकदा पहिली परीक्षा ठरते. 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' हेही खरं असू शकतं, कारण साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधीचा इतिहास नसतो. तरी आजोळकडची चौकशी कराच. मामाचा गुडघा लहानपणापासून सुजतो, आईच्या मामाला दात काढल्यावर दोन दिवस रक्त आलं, असल्या गोष्टी आपल्याकडे 'त्याची प्रकृतीच तशी' म्हणून सोडून देतात.

आता भोकातून रक्त न थांबण्याचं. हिमोफिलियात रक्त जोरानं वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. कातडीवरचं बारीक भोक प्लेटलेट या रक्तातल्या पेशी बुजवतात आणि त्या या मुलांमध्ये धड असतात. घोळ आत होतो. बाहेर थेंबही नसतो आणि स्नायूत रक्त साठत जातं. म्हणजे मेसेजवाल्याची भीती अगदीच पोकळ नाही, तिनं जागा चुकीची धरलीय. शिवाय सगळ्या लसी स्नायूत जातच नाहीत. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस तोंडावाटे, बीसीजी कातडीच्या थरात, गोवर-रुबेला कातडीखाली.

स्नायूतल्या लसींसाठी रीत ठरलेली आहे. सीव्हिअर मूल असेल तर आधी फॅक्टरचं इंजेक्शन, किती नि कधी ते तुमचे डॉक्टर सांगतील. सुई जितकी बारीक मिळेल तितकी बरी, शक्यतो २५ ते २७ गेज (आकडा मोठा तितकी सुई बारीक, यात माझाही गोंधळ व्हायचा). सरकारी लसीकरणात सिरिंजला सुई जोडूनच येते, ती बदलता येत नाही. मग भिस्त दाबण्यावर: टोचल्याबरोबर कापूस ठेवून बोटानं घट्ट धरायचं, किमान पाच मिनिटं, जमलं तर दहा, घड्याळ बघून. चोळायचं नाही, शेकायचं नाही. दोन-चार तासांनी पुन्हा हात लावून बघायचं. एक-दोन दिवस थोडं दुखणारच, पण सूज वाढत गेली तर थेट डॉक्टरांकडे.

लसीनं रक्त पातळ होतं? नाही. रक्तस्राव वाढवतात त्या लसीनंतर तापाला म्हणून दिलेल्या काही गोळ्या. पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, आणि पॅरासिटामॉलमध्ये आयबुप्रोफेन मिसळलेली गोळीही नको. गंमत म्हणजे लसीला घाबरणारी माणसंच साध्या तापाला 'कमरेत एक इंजेक्शन मारा' म्हणतात. तीही स्नायूतलीच सुई असते!

या मेसेजचं मूळ कुठे असावं याचा माझा अंदाज आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात रक्तस्रावाचा आजार असलेल्यांनी लस घेऊ नये असं खरंच छापलं होतं. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य खात्याची सूचना मात्र अशांना 'जपून द्या' अशी होती. त्यातलं 'जपून' गळालं, 'नको' तेवढं उरलं, आणि एका लसीबद्दलची गोष्ट सगळ्या लसींना चिकटली.

सिकलसेलचं तर सरळ उलटं आहे. त्यात जंतूंशी लढणारी प्लीहा लवकर निकामी होते, न्यूमोकॉकससारखे जंतू जिवावर उठतात, म्हणून त्या मुलांना लस जास्तच गरजेची. थॅलेसेमियात प्लीहा काढली असेल तर तेच. आणि ज्यांना सतत रक्त किंवा फॅक्टर घ्यावं लागतं त्यांनी हिपॅटायटिस बीची लस चुकवूच नये.

आमचं तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या नि लसींची नोंद असलेलं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये, आमच्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या, सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नाही. म्हणून कार्डावर वरतीच लाल पेनानं दोन्ही भाषांत लिहून घेतलंय. पुढच्या वेळी सिस्टरनी कार्ड उघडलं, वाचलं आणि मांडी हातात घेण्याआधीच मोठ्यानं म्हणाल्या, "ओत्ति हिडिरि, उज्जब्याडरी." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, दाबून धरा, चोळू नका म्हणतात. त्यांनी हात मागे घेतला आणि घड्याळ माझ्याकडून मागून घेतलं.