दोन पाटील आणि एक राउटर

आज सकाळी लिफ्टमध्ये बी विंगच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "काय गं, तुमचं इंटरनेट काकांनी दुरुस्त करून दिलं म्हणे?" मी हसले. दुसरं काय करणार, लिफ्टला अजून चार मजले जायचे होते. पण तेव्हापासून डोक्यात जी तिडीक गेलीये ती अजून उतरलेली नाही.

झालं एवढंच. आमचा मोडेम हॉलमध्ये दाराशी, कारण कंपनीचा माणूस तिथपर्यंतच वायर ओढतो. मी काम करते आतल्या खोलीत, आणि मध्ये सासूबाईंचं लोखंडी कपाट, त्यातून वायफाय आरपार जात नाही (त्या कपाटातून तसं काहीच बाहेर येत नाही, माझा लग्नातला शालू अजून आत आहे). म्हणून वेगळा राउटर घेतला, चांगले अडीच हजार घालून. मोडेमवर लॅपटॉप लावला की नेट पळतंय, मध्ये राउटर आला की लाल दिवा. नवरा म्हणाला "बंद करून चालू कर" आणि ऑफिसला निघून गेला. मुलुंडहून सीएसएमटीला पोचेपर्यंत त्याने हाच सल्ला मेसेजवर आणखी तीनदा दिला.

कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. अकरा मिनिटं सतार ऐकली. मग "नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ." अरे मग तीन कशाला दाबायला लावता? हातांना व्यायाम म्हणून?

दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, त्याने स्वतःचा मोबाईल मोडेमच्या वायफायला जोडून एक रील बघितलं आणि म्हणाला, "नेट आ रहा है ना मॅडम." म्हटलं राउटरवर येत नाहीये. तर म्हणे, "राउटर अपना है ना? तो अपने को ही देखना पडेगा." आता मुंबईच्या हिंदीत हे 'अपना' म्हणजे माझं, तुझं, आपलं, सोयीप्रमाणे कुणाचंही. पैसे घेताना कनेक्शन अपना, बिघडलं की राउटर अपना. मी क्षणभर खूश झाले, वाटलं हा स्वतःच बघणार. तो बूट घालत होता.

आणि नेमकं तेव्हाच दार उघडं दिसलं म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे काका आत आले.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर. बिल्डिंगमधली कुठलीही वायर ते स्वतःच्या अखत्यारीत धरतात, केबलवाल्याची, लिफ्टची, गणपतीतल्या लायटिंगची सुद्धा. हातातली मेथीची जुडी टीपॉयवर ठेवून त्यांनी आधी मोडेमला कान लावला.

"टोन नाही."

"काका, याला टोन नसतो."

"नसतो कसा? पंधरा ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट आलं ते आमच्याच वायरीतून आलं ना? तेव्हाचे मोडेम कसे किर्रर्र करून सांगायचे, लागतोय, लागतोय, लागला. हा मुका आहे. मुक्या माणसाचं दुखणं डॉक्टरला कळत नाही, तुला काय कळणार?"

मग त्यांनी मागची पिवळी फायबर उपसली. मी ओरडेपर्यंत तिचं टोक डोळ्यापाशी नेलं होतं, म्हणे उजेड येतोय का बघतो. म्हटलं अहो काका तो लेझर आहे, १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा मात्र होऊ शकते! तर काका शांतपणे, "आम्ही ओल्या बोटाने लाईन चेक करायचो. अठ्ठेचाळीस व्होल्ट. मध्येच कुणी रिंग दिली की असा झटका बसायचा, खांबावरून खाली." सासूबाई आतून बाहेर येऊन हे सगळं मन लावून ऐकत होत्या. त्यांची सिरियल दोन दिवस बंद होती, त्यांना हीच सिरियल. चहा टाकला गेला. माझी अकराची मीटिंग मी मोबाईलच्या नेटवर, बाथरूमच्या दारात उभी राहून केली, कारण रेंज तिथेच येते.

परत आले तर माझी राउटरची वायर गायब. "ती शेवयांसारखी होती गं," काका म्हणाले. "ही घे, मी स्वतः क्लिपा मारलेली. पंधरा वर्षांत काही झालं नाही तिला." अर्थात काही झालं नाही, ती पंधरा वर्षं माळ्यावरच होती.

लाल दिवा तसाच. काका मागे रेलले, बशीत चहा ओतला आणि मला राउटर सोडून पाटलांची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या क्वार्टर्समध्ये दोन पाटील होते, दोघांची आद्याक्षरंही एस. पी., एक पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्या. वरच्यांची मनीऑर्डर खाली, खालच्यांचा गॅस वर. एकदा वरच्या पाटलांची मुलगी बघायला कोल्हापूरची माणसं आली ती खालच्यांकडे बसली, दोन-दोन प्लेट पोहे खाल्ले, आणि खालच्या पाटलांना तर मुलगीच नाही! "मग त्यांनी सांगितलं नाही?" सासूबाई. "सांगणार कसं वहिनी, पोहे होईपर्यंत त्यांनाही वाटत होतं मुलाला बघायला आलेत." शेवटी पोस्टमनच वैतागला आणि त्याने वरच्या पाटलांच्या पाटीवर खडूने मोठा '२' काढला. मिटलं.

मी हे अर्ध्या कानाने ऐकत लॅपटॉपवर राउटरचं सेटिंगचं पान उघडत होते, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. आणि एकदम आठवलं की सकाळी वायर थेट मोडेमला लावली तेव्हा मोडेमचं पानसुद्धा याच पत्त्यावर उघडलं होतं. अंगावर काटा आला हो. दोघेही १९२.१६८.१.१. दोघेही एस. पी. पाटील! राउटर बिचारा बाहेरचा रस्ता विचारतोय आणि पत्ता मिळतोय स्वतःच्याच घराचा, पोहे खाऊन परत. सेटिंगमध्ये जाऊन राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, सेव्ह, रीस्टार्ट, दोन मिनिटं. दिवा हिरवा.

"बघ," काका मेथी उचलत म्हणाले. "वायरच खराब होती."

आता सांगा. एका आकड्याची ही भानगड ना त्या फोनवरच्या माणसाने सांगितली ना त्या पोराने, महिन्याला हजार रुपये भरून मला ती कळली कुठल्यातरी पाटलांच्या पोह्यांतून. आणि श्रेय म्हणाल तर काकांना अर्धं मी दिलंही असतं, खडूवाल्या '२' साठी. पण त्यांना ते नकोच आहे. त्यांना वायरीचं हवंय, आणि ते सबंध बिल्डिंगने देऊनही टाकलंय.

बरं, वायरीची गंमत पुढेच आहे. रात्री स्पीड मोजला तर तीनशे एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये चौऱ्याण्णव. दहा वेळा मोजला, चौऱ्याण्णव. सासूबाईंची सिरियल लागली होती, त्यामुळे घरात माझी तक्रार ऐकायला कुणी नव्हतं. काकांच्या वायरीची क्लिप उजेडात धरून बघितली तर आठपैकी चारच तारा आत बसवलेल्या, बाकीच्या चार कापून मागे दुमडलेल्या. चार तारांवर शंभरच्या वर जात नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं तर म्हणाले, "चार चालू, चार स्पेअर. टेलिफोनला तर दोनच लागतात, तुला दुप्पट दिल्यात."

म्हटलं आपली शेवयांची वायर परत मागावी, तर ती त्यांनी मेथीच्या देठांबरोबर टाकून दिली होती. काल लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणली, आठही तारांची, दोनशे रुपयांना. पण लावू कशी? काका रोज संध्याकाळी फिरून येताना आमच्याकडे डोकावतात, स्वतःच्या वायरीला बोट लावतात, म्हणतात "थंड आहे, छान," आणि सासूबाई चहा टाकतात. नवीन वायर तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवलीये. रविवारी काका मुलीकडे बदलापूरला जाणार आहेत, तेव्हा बदलेन. मेगाब्लॉक नसला तर.