सगळ्यांना ‘नो’

आज पिकनिकला एका काकांनी मिसळीवर फरसाण भुरभुरत ज्ञान दिलं, “बॅलटवर जजची नावं आली की मी डोळे झाकून ‘नो’ करतो. माजलेत सगळे.” चारजण हसले. मीही हसले. त्याचाच आता जास्त राग येतोय.

इथे कॅलिफोर्नियात राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या जजला पदावर ठेवायचं की नाही, यावर लोक बॅलटवर ‘येस’ किंवा ‘नो’ करतात. काका, कॅलिफोर्नियाने हे 1986 मध्ये करून झालंय. रोझ बर्ड. राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या बाई, त्याही थेट चीफ जस्टिस. आई कारखान्यात राबून पोरं वाढवायची. बाई वकील झाल्या आणि आपल्याच सँटा क्लारा काउंटीत पब्लिक डिफेंडर म्हणून उभ्या राहिल्या, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी.

पण मला त्या आवडतात त्या कुदळीमुळे. इथल्या शेतांत मजुरांना फूटभर दांड्याची कुदळ द्यायचे. दिवसभर कंबरेत वाकून काम. मुकादमाची सोय, कोण सरळ उभं राहिलंय ते लांबून दिसायचं. 1975 मध्ये त्या कुदळीवर बंदी आली, तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राऊनच्या सरकारात शेतीचं खातं बर्डबाईंकडे होतं. शेतमजुरांच्या युनियनचा कायदाही त्याच वर्षीचा.

माझी आजी लोकांच्या रानात खुरपायला जायची. शेवटी इतकी वाकली होती की चहा देताना तिचं तोंड दिसावं म्हणून मला खाली बसावं लागायचं.

1977 मध्ये ब्राऊननी बाईंना कोर्टात नेमलं. बागायतदार पहिल्यापासून खार खाऊन होते. 1978 च्या ‘येस-नो’ मतदानात त्या जेमतेम वाचल्या. मग विरोधकांना फाशीचा विषय मिळाला. साठाच्या वर खटले, प्रत्येकात बाईंचं मत शिक्षा रद्द करायच्या बाजूने. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांचं काय, हे मलाही कळतं. स्वभावही ताठ होता म्हणतात. असेल. म्हणून टीव्हीवर जाहिराती लावून जज पाडायचा? दर तीनातल्या दोघांनी ‘नो’ केलं. बरोबर आणखी दोघा जजची खुर्ची गेली, त्यात क्रूझ रेनोसो, तिथले पहिले लॅटिनो जज, स्वतः शेतमजुराच्या घरातले. उद्या तुमच्या पोराचा खटला उभा राहिला तर जजने आधी कायदा बघायचा की पुढचं इलेक्शन, सांगा ना!

जाऊ दे. मी तरी काय दिवे लावले? 2022 ला चार नावं आली होती. नवऱ्याने विचारलं, कोण गं हे? म्हटलं, नावं बरी वाटतायत, ‘येस’ कर. त्याच आठवड्यात एअर फ्रायरसाठी तीन रात्री रिव्ह्यू वाचले होते.

हरल्यावर बाई ईस्ट पालो अल्टोत गरिबांच्या कायदा केंद्रात फुकट झेरॉक्स काढायच्या म्हणे. 1999 मध्ये कॅन्सरने गेल्या, 63 व्या वर्षी. आजीला हे सगळं सांगितलं असतं तर तिला कोर्टबिर्ट कळलं नसतं. तिने एवढंच विचारलं असतं, “मग दांडा लांब करून दिला का बायांना?”

दिला गं आजी.

काका, टॅग करत नाहीये. ओळखलं असेलच. मिसळ मात्र झकास होती.