मागच्या चौकातली बिऱ्हाडं

सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर धुमसतंय. दादा म्हणतो, द्यायचा. काका म्हणतात, पूर्वजांची वास्तू. आणि दर चार दिवसांनी कुणीतरी मला मध्ये ओढतं : "अमेरिकेत बघा जुनी घरं कशी जपतात. काय गं?"

जपतात की. लॉस एंजेलिसहून दोनेक तासांवर पाम स्प्रिंग्स आहे. वाळवंटातलं गाव; हॉलिवूडचं हिवाळ्यातलं महाबळेश्वरच म्हणा. रिचर्ड नॉयट्रा या वास्तुशिल्पींनी १९४६ साली एडगर काउफमान या पिट्सबर्गच्या धनाढ्य दुकानमालकासाठी बांधलेलं काच-पोलादाचं घर लोक रस्त्यावरून माना उंचावून बघतात. अल्बर्ट फ्राय हे तिथले दुसरे वास्तुशिल्पी, चंडीगढ आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएंच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी डोंगरउतारावर स्वतःचं घर बांधलं, तेव्हा आड आलेली शिळा फोडली नाही, घरातच राहू दिली. मला ते घर सगळ्यांत आवडतं.

पण हे शहाणपण उशिरा आलं. नेली कॉफमन या बाईंनी १९०९ साली सुरू केलेल्या 'डेझर्ट इन' हॉटेलमुळे गावाचं नाव झालं. १९६७ साली ते पाडून तिथे मॉल उभारला. आता तो मॉलही नाही. शेजारच्या रँचो मिराजमधलं नॉयट्रांचं मॅझलन हाऊस तर २००२ साली पाडलं. काउफमान घराचीही नंतरच्या मालकांनी ठिगळं लावून रया घालवली होती. १९९०च्या दशकात एका जोडप्याने ते घेतलं आणि पदरचे पैसे ओतून मूळ रूपात आणलं, दगडसुद्धा थेट यूटातल्या खाणीतून. काकांच्या पेन्शनीत हे बसायचं नाही. कॅलिफोर्नियात १९७२ चा मिल्स कायदा आहे : ऐतिहासिक घर नीट राखायचा करार केला, की मालमत्ता कर कमी होतो. असलं काही हातात न देता वाडेमालकाला संस्कृतीचे धडे देऊ नयेत, इथवर मी दादाच्या बाजूची.

मात्र पाम स्प्रिंग्समध्ये 'सेक्शन १४' नावाचा एक चौरस मैलाचा तुकडाही आहे, बाजारपेठेला लागून. जमीन आग्वा कॅलिएंते या मूळनिवासी जमातीची. याच हॉटेलांत, बंगल्यांत राबणाऱ्या मोलकरणी, माळी, सुतार तिथे राहत. बहुतेक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन, कारण गावात इतरत्र त्यांना घर मिळत नसे. १९५९ मध्ये जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता येऊ लागली, तिचा भाव वधारला आणि शहराने त्यांची घरं पाडली, जाळली. शहराने माफी मागितली २०२१ मध्ये. भरपाईची तडजोड झाली २०२४ मध्ये, ५९ लाख डॉलरची. त्या घरांपैकी एकही बघायला उरलेलं नाही.

आमच्या ग्रुपवर कडीपाट, तुळशीवृंदावन, बांधकामाचा एफएसआय सगळ्यावर बोलून झालं. मागच्या चौकात पन्नास वर्षं राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांचा उल्लेख मला एकदाही सापडला नाही. काकांच्या मेसेजातही नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. काल दादाला विचारलं, त्यांना नव्या इमारतीत जागा देण्याचं करारात लिहिलंय का? मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.