जीडीपी आमच्या टेबलावरून जातो

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दिवाळी नसते, आरओसी असतं, म्हणजे कंपनी निबंधकाकडे कागद भरायची धावपळ. कंपन्यांची वार्षिक सभा (कागदोपत्री तरी) ३० सप्टेंबरला उरकलेली असते. तिथून तीस दिवसांत एओसी-४, म्हणजे ताळेबंद भरायचा फॉर्म, गेला नाही की दिवसाला शंभर रुपये दंड. पोर्टल रांगत असतं, कुणाच्या तरी डिजिटल सहीची मुदत संपलेली असते, आणि एका हातात चकली धरून मी दुसऱ्या हाताने ताळेबंद चढवत असते. इचलकरंजीत सीएच्या ऑफिसात सोळा वर्षं हेच चाललंय.

हा फॉर्म पुढे जातो कुठे, हे बरीच वर्षं मला माहीत नव्हतं. सरकारी कपाटात पडत असेल, एवढीच समजूत. मग जानेवारी २०१५ मध्ये सरकारने जीडीपी मोजायची नवी पद्धत आणली. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून वाढ मोजतात ते, २००४-०५ वरून २०११-१२ वर आलं, आणि २०१३-१४ ची वाढ ४.७ टक्क्यांऐवजी एकदम ६.९ टक्के झाली. (मोजायचं मापही बदललं होतं, आधी अप्रत्यक्ष कर सोडून आणि आता धरून, पण तेवढ्याने एवढी उडी बसत नाही.) पूर्वी खासगी कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासातल्या काही हजार कंपन्यांवरून अंदाज बांधायचे. आता एमसीए-२१ या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ताळेबंद भरणाऱ्या लाखो कंपन्यांची आकडेवारी थेट घेतली जाऊ लागली. म्हणजे मी चकली खात चढवलेले आकडेसुद्धा.

हिशेब तसा सोपा आहे. कंपनीने दिलेले पगार अधिक व्याज-घसारा वजा करण्याआधीचा धंद्यातला नफा, असं ढोबळ मूल्यवर्धन निघतं. देशभरातलं हे मूल्यवर्धन जोडत जायचं. कल्पना चांगलीच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मूठभर कंपन्यांवरून देश ओळखण्यापेक्षा सगळ्यांची वही बघणं केव्हाही बरं.

पण वही भरतं कोण आणि कशी, हे आम्हाला विचारा.

ज्या कंपन्या चालू आहेत पण ताळेबंद भरत नाहीत, त्यांचं काय? त्यांचा वाटा भरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात धरून आकडा फुगवून घेत आले. आता, भांडवल दाखवून वर्षानुवर्षं एक बिलही न फाडलेल्या कंपन्या मी किती पाहिल्यात, ते इथे लिहीत नाही. २०१७ मध्ये दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं रजिस्टरवरून काढून टाकली, त्यावरून काय ते समजा. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७४ व्या फेरीचा अहवाल आला. सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांच्या दारात माणसं गेली, तर नमुन्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कंपन्या एकतर सापडल्याच नाहीत, बंद निघाल्या किंवा भलताच धंदा करत होत्या.

भलत्या धंद्याची गंमत बघा. प्रत्येक कंपनीच्या सीआयएन या नोंदणी क्रमांकात पहिल्या अक्षरानंतर पाच आकडे असतात, ते तिच्या उद्योगाचे. रिलायन्स इंडस्ट्रीजचा सीआयएन काढून बघा, सुरुवात एल १७११०. सतरा म्हणजे कापड! तेल, मोबाइल, किराणा सगळं झालं, क्रमांक अजून सुताचाच. एवढ्या मोठ्या कंपनीला मोजणारे नीट ओळखत असणार. प्रश्न छोट्यांचा आहे.

दुसरी गोष्ट महागाईची. २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते तिसाच्याही खाली गेलं. कच्चा माल स्वस्त झाला की कापडाचा एक मीटरही जास्त न विणता नफा वाढतो. माल आणि कच्चा माल या दोघांच्या किमतींचा वेगवेगळा हिशेब धरला नाही, तर तो नफा उत्पादनवाढ म्हणून मोजला जातो. आपल्याकडे बराचसा हिशेब किमतींच्या एकाच निर्देशांकावर चालत आला. सरकारचे माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये वाढ वर्षाला सुमारे अडीच टक्के-बिंदूंनी फुगवून दाखवली गेल्याचं मांडलं, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ते खोडून काढलं. त्या अडीचच्या भांडणात मी पडत नाही.

मला खरं खुपतं ते वेगळंच. तिमाहीचा जीडीपी काढताना हातात असतात शेअर बाजारातल्या कंपन्यांचे निकाल. ज्यांच्याकडे वहीच नाही, त्यांची वाढ बऱ्याच अंशी याच आकड्यांच्या मागून चालली असं धरत आले. आमच्या गावात खर्चीवाले यंत्रमागधारक आहेत. सूत दुसऱ्याचं, बीम दुसऱ्याचं, मजुरीवर कापड विणून द्यायचं. कामगाराला आठवड्याचा पगार रोख. नोव्हेंबर २०१६ मध्ये रोखच संपली आणि गल्ल्यांमधला खडखडाट थांबला. माझ्या आयुष्यात एवढं शांत इचलकरंजी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याच २०१६-१७ ची वाढ पुढे सुधारित आकड्यात ८ टक्क्यांच्या वर गेली. कंपन्यांच्या वह्यांत कदाचित ते खरंही असेल. छोट्याचं गिऱ्हाईक मोठ्याकडे गेलं, तर मोठ्याची विक्री वाढलेली दिसते. छोट्याचं जे गेलं, ते कुठल्या एओसी-४ मध्ये येणार?

आता २०२२-२३ हे नवं पायाभूत वर्ष ठरलंय आणि बिगरकंपनी धंद्यांचं सर्वेक्षण दरवर्षी होतंय. हे पाच वर्षांतून एकदा व्हायचं, त्यामानाने फार चांगलं झालं.

माझा एक क्लायंट आहे. वडिलांनी काढलेली प्रायव्हेट लिमिटेड, क्रमांकात सतरा. माग कधीचेच भंगारात गेले, शेड गोदामाला भाड्याने दिलीय. दर ऑक्टोबरला मी त्यांना म्हणते, काका, धंदा बदललाय तर कागदोपत्री पण बदलून घेऊ. दर ऑक्टोबरला ते म्हणतात, "त्यानं काय फरक पडतोय ताई? भाड्यावर टॅक्स भरतोय की." आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत मी अपलोडचं बटण दाबते.